हळदीचा डाग

रबाळ्याच्या कंपनीत माझं काम हवेतले कण मोजायचं.
पांढरा झगा, टोपी, मोजे, बूट, त्यावर प्लास्टिकचे बूट.
काचेपलीकडे गोळ्या बनतात,
अलीकडे मी रजिस्टरमध्ये लिहितो:
कण मर्यादेत.

घरीही आधी तेच होतं.
कोपरखैरण्याच्या खोलीत आम्ही तिघं राहायचो.
दिगंबर चकणे ओला टॉवेल गादीवर टाकायचा
म्हणून मी त्याच्याशी अकरा दिवस बोललो नाही.
(असंच मोजायचो मी. अकरा.)
मावसभावाच्या लग्नात वाढप्याचा अंगठा
मठ्ठ्यात बुडालेला दिसला
आणि मी ताटावरून उठलो.
लोकांना वाटलं, मानपानाचं काही असेल.

मग इरू आली.
पहिल्याच महिन्यात खांद्यावर तिचं फाटलेलं दूध घेऊन
मी शेअर रिक्षात बसलो,
सिग्नलला वास आला
तेव्हा शेजारच्या माणसाकडे संशयाने पाहिलं.

त्यानंतर काय काय सुटत गेलं त्याची नोंद नाही.
नाचणीची खीर पंख्याच्या रेग्युलेटरपर्यंत कशी पोचते
हे मी विचारायचं सोडलं.
भिंतीवर एक निळी रेघ आहे,
दारापासून निघून फ्रीजमागे जाते, पुन्हा बाहेर येते,
तिच्यावरून मीच आता खेळण्यातला ट्रक चालवतो.
खिशात हात घातला तर अर्धं बिस्किट,
शेवग्याच्या शेंगेचा चोथा,
आणि तिने चावून नको म्हटलेलं सफरचंद
मी तोंडात टाकतो,
मी, मठ्ठ्यावरून उठलेला.

सगळंच सुटलं नाही, खोटं कशाला बोलू.
पारसिकच्या डोंगराची धूळ ग्रिलवर बसते, ती रोज पुसतो.
शर्वाणी म्हणते, पूस, डोंगर संपेपर्यंत पूस.
आणि मागच्या गुरुवारी दूध सांडलं तेव्हा
माझ्या तोंडून जो आवाज निघाला
तो भोईरकाकूंनी टीव्ही बारीक करून ऐकला.
इरू काही बोलली नाही. फडकं आणलं.
पुसलं. परत पुसलं.
मग वाकून, मान तिरकी करून,
फरशी उजेडात बघितली
जशी मी बघतो.

परवा दुपारी जेवताना तिच्या फ्रॉकवर वरणाचा थेंब पडला.
मोहरीएवढा.
साडेतीन वर्षांची पोर,
दोन्ही हात अंगापासून लांब धरून थिजली.
मग रडायला लागली,
घाण झालं बाबा, घाण झालं,
आणि ते शब्द तिचे नव्हते.
फ्रॉक बदलू? नको.
पुसलं तर डागाभोवती ओलं झालं, तेही नको.
मला हे सगळं ठाऊक होतं. आतून.
दुसरी पाळी होती, मी निघायच्या तयारीत,
अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट.
तिच्या वाटीत बोट बुडवलं, पहिल्या पेरापर्यंत,
आणि खिशाच्या वर एक टिंब काढलं.
हात थरथरला. लपवत नाही.

ती थांबली. नाक वर ओढलं.
माझा डाग बघितला, मग तिचा,
मोठा कुणाचा ते ठरवलं.
तुझा, म्हणाली.
मग स्वतःचं बोट बुडवून
तिने माझ्या टिंबाला दोन कान काढले.

त्या दिवशी कंपनीच्या लॉकरमध्ये
पिवळं मांजर टांगून ठेवलं
आणि आठ तास कण मोजले.
मर्यादेत होते.

हळद साबण लागला की आधी लाल होते,
मग उन्हात धरली की उडून जाते,
असं आई सांगायची. खरं आहे, मी करून बघितलंय.
काल शर्ट धुतला.
बाल्कनीत ऊन कठड्यापर्यंत आलं होतं.
चिमटे हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिलो.
मग आत आलो
आणि बाथरूमच्या दारामागे, सावलीत,
शर्ट वाळत घातला.